तिसरा चरण

काशीरामचं पत्र आलं तेव्हा टिपणीस सर दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी ते निळं अंतर्देशीय फाडलं, खिडकीशी उभ्याउभ्या वाचलं, आणि उरलेली अर्धी दाढी अशी काही उरकली की हनुवटीखाली चांगलंच कापलं. स्वयंपाकघरातून शशिकलाबाईंनी विचारलं, “कुणाचं हो?” “एका जुन्या विद्यार्थ्याचं.” “काय म्हणतोय?” “काही नाही. खुशाली.” त्या दिवशी उत्तर लिहायचं राहिलं, कारण शाई संपली होती. दुसऱ्या दिवशी शाई आणली, तर मन लागेना. मग दिवाळी आली, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पनवेलातली भाड्याची जागा सोडून खांदा कॉलनीत तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड हललं, आणि उत्तर न देण्याला एक प्रकारचं वय येत गेलं. पहिल्या आठवड्यातला उशीर म्हणजे नुसता उशीर असतो, त्याची माफी मागता येते. वर्षानं त्या उशिराचाच खुलासा द्यावा लागतो. आणि फार वर्षं लोटली की तो उशीरच आपलं उत्तर होऊन बसतो. समोरच्यानं ते वाचलेलंही असतं.

एवढं सगळं त्यांना त्या सकाळी उरण नाक्याच्या बाजारात एकदम आठवलं, त्याला कारण एक भाजीवाली. सर वालाच्या शेंगा घ्यायला वाकले होते. शेजारी एक दांडगी बाई गवारवालीशी भांडत होती, म्हणजे हसतहसत भांडत होती, जसं रोज एकमेकींशेजारी बसणाऱ्या बायका भांडतात. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुज्या पारड्याखाली चिंच कोनी चिकटवली, ते मी नाय इचारत. सकाली कोनाच्या टेंपोत पुढं बसून आलीस, ते बी नाय इचारत. आनि चपला कुनाच्या व्हत्या, ते तं मी मुलीच नाय इचारनार!” आजूबाजूच्या पाचसहा जणी खळखळून हसल्या. गवारवालीनं तिच्या अंगावर एक शेंग फेकली. चपलांचा तिथं काही संबंध नव्हता. तराजू होता, टेंपो होता, चपला कुठून आल्या हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं होतं. ते आता बोलण्यातलं झालं होतं. म्हण झाली होती. सर वाकलेले तसेच राहिले. ‘मुळीच’चं ‘मुलीच’ झालं होतं, पण शब्द तोच होता. त्यांनी आधी ‘अजिबात’ लिहिला होता. मग दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि खोडून ‘मुळीच’ केला, कारण ‘अजिबात’ वाक्याला ओढतो आणि ‘मुळीच’ वाक्यात खिळा ठोकतो. चाळीस वर्षं त्यांनी रोमन लोकांची भाषणं मराठीत आणली, कागदांचे गठ्ठे कपाटात पिवळे पडले, एकही ओळ कुठं छापून आली नाही. आणि लोकांच्या तोंडात बसलेलं त्यांचं एकुलतं एक वाक्य हे होतं. त्यांचे कान तापले. लाजेनं तापले हे खरंच, पण त्या लाजेच्या पोटात कुठंतरी गुदगुलीही झाली होती. ती झाली हे कळल्यावर त्यांना स्वतःची शिसारी आली.

वालाच्या शेंगा विकणारी म्हातारी मात्र हसली नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. “टिपनीस सर ना तुमी?” सर चाचरले. अनोळखी बाईनं नाव घेतलं की अजूनही त्यांना वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखं व्हायचं. “हो. आपण…?” “वलखलं नाय. मी गोदू. काशीरामची.” मग त्यांनी ओळखलं. एकदा गावदेवीच्या जत्रेला काशीराम त्यांना ओढून घेऊन गेला होता, तेव्हा ह्याच बाईनं पाटावर बसवून तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण वाढलं होतं, आणि सर संकोचानं पुरे पुरे म्हणत असताना पदर तोंडाला लावून हसत वाढतच राहिली होती. तेव्हा तिच्या अंगावर दागिने होते. “कसा आहे काशीराम?” त्यांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं. “हायत,” गोदू म्हणाली. “चालतान, फिरतान. अनवानीच चालतान अजून.” “अजून?” “घालीतच नाय चप्पल. डाक्टर बोल्ला साखर हाय, पायाला जपा. पायाला लागलं तं कलतच नाय त्यांना. गेल्या सालाला काच घुसली, दोन दिस फिरले तसंच. एक बोट काढलं. आता परत टाचेला झालंय. डाक्टर बोलतो, चप्पल नाय घातली तं पाय र्‍हानार नाय. तं हे बोलतान, आदी खुलासा होऊदे.” “कसला खुलासा?” असं सर म्हणाले. तोंडातून निघून गेलं. गोदूनं साधेपणानं उत्तर दिलं, “मला काय म्हाईत. बोलत नायत. टपालवाला आला का इचारतान येवढंच. मी बोल्ली, तुमाला कोन लिवनार हाय आता? तं बोलतान, येईल.” तिनं शेंगा मापल्या, वर दोन मुठी आणखी टाकल्या. सर नको नको म्हणाले. “घ्या वो. तुमचं नाव काडतान कदी कदी. बोलतान, सरांसारखं बोलायला कोनी शिकवलं नाय.”

घरी चालत येताना त्या वरच्या दोन मुठी त्यांच्या पिशवीत दगडासारख्या झाल्या. ‘कसला खुलासा’ हे दोन शब्द ते मनात परत परत तपासत होते. भीतीनं बोललो, की सवयीनं? प्रश्नाच्या रूपात खोटं बोलण्याची ही युक्तीसुद्धा रोमनच. त्या लोकांच्या पुस्तकांत तिला नाव असेल. सगळ्याला नाव असतं तिथं. मुंबईत कॉलेजात असताना फादरांकडे लॅटिन शिकणारे ते एकटेच मराठी होते. बाकी दोघं वसईचे, त्यांना पुढं पाद्री व्हायचं होतं. टिपणीसला का शिकायचंय हे फादरांनाही कळलं नव्हतं आणि खुद्द टिपणीसलाही सांगता आलं नसतं. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशा मुलाला हजारो माणसांसमोर उभं राहून बोलणाऱ्या त्या वकिलांची आणि सेनापतींची भाषणं वाचताना जे व्हायचं, ते भूक लागलेल्यानं मिठाईच्या काचेला नाक लावल्यासारखं होतं. फादर त्यांना म्हणाले होते, “तुमची भाषा क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबते. त्यांचीही थांबायची. माझ्या भाषेला तेवढा धीर नाही.” ते ऐकून सर हरखून गेले होते. खरंच होतं ते. इंग्रजी भाषांतरात जे वाक्य सुरुवातीलाच फुटून जातं, ते मराठीत शेवटच्या शब्दापर्यंत धनुष्यासारखं ताणून धरता येतं. मग पनवेलच्या शाळेत नोकरी लागली, इंग्रजी आणि इतिहास शिकवायचा, आणि वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घ्यायची, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. स्वतः जे कधी व्यासपीठावर चढले नाहीत, ते टिपणीस सर वर्गाचं दार लोटून घेऊन पोरांना सांगत, तीनात बोला. दोनानं मन भरत नाही, चारानं कंटाळा येतो. दोन चरण सारखे ठेवा आणि तिसरा थोडा लांबवा. लोक दोन पायऱ्या चढले की तिसरीसाठी पाय आपोआप उचलतात, तिथं पायरी ठेवा. हे सगळ्यांत चांगलं काशीरामला जमलं. मिठागरावरचा पोर, बोलताना ‘हाय-नाय’ करायचा, पण उभा राहिला की खिडकीबाहेरची माणसंसुद्धा थांबत. त्याच्याच गावच्या धनेशला कधी जमलं नाही. धनेश पाठ करून यायचा आणि मध्येच विसरायचा.

तोच धनेश, पुढं सरकारनं गावच्या जमिनी घेतल्या, त्यांच्या बदल्यात प्लॉट मिळायची बोलणी सुरू झाली, गावात दोन तट पडले आणि सरपंचकीला तो आणि काशीराम समोरासमोर उभे राहिले, तेव्हा सरांकडे आला होता. “सर, भाषण लिवून द्या. काशीरामदादा बोलायला लागला की आमचं काय खरं नाय.” सरांनी नको म्हणायला हवं होतं. पण त्याआधी आयुष्यात कुणी त्यांना भाषण मागितलं नव्हतं. गावात उभं राहून म्हटलं जाईल असं, हसतील, टाळ्या देतील अशा खऱ्या माणसांसमोरचं भाषण. रोमच्या सभाचौकातलं, फोरममधलं! त्यांनी दोन दिवस घेतले, जेवणाकडे लक्ष नव्हतं. काशीरामविरुद्ध सांगण्यासारखं फारसं काही नव्हतंच. धनेशनं दोनच गोष्टी पुरवल्या. कमिटीच्या एका बैठकीला काशीराम उशिरा आला होता, कारण म्हैस व्यायली होती. आणि मोर्चाच्या दिवशी तो गावात नव्हता, आपट्याला बहिणीकडे होता, तिच्या सासऱ्याचे दिवस होते. ह्या दोन फुसक्या गोष्टींचं काय करायचं? तेव्हा सरांना तो अलंकार आठवला. जे सांगायचं ते ‘सांगत नाही’ म्हणून सांगायचं. लॅटिनमध्ये त्याला भारदस्त नाव आहे, सरांनी मराठीत ‘वगळणी’ असं नाव ठेवलं होतं आणि त्यावर ते खूश होते. दोन चरण सहज बसले: ‘काशीरामदादा बैठकीला उशिरा का आले, हे मी विचारत नाही. मोर्चाच्या दिवशी ते आपट्याला काय करत होते, हेही मी विचारत नाही.’ मग पेन थांबलं. कान तिसऱ्याची वाट बघत होता. तिसरं काही नव्हतं. सर खोलीत फेऱ्या मारू लागले, ओठ हलवत, हातानं हवेत ठेका धरत. कारण ठेका आधी आला होता, शब्द नंतर यायचे होते. आणि ते आले: ‘आणि त्या आठवड्यात मोजणीच्या साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या दाराशी कुणाच्या चपला होत्या, हे तर मी मुळीच विचारणार नाही.’ म्हणजे काशीराम मोजणीवाल्याला चोरून भेटला, असं ऐकणाऱ्यानं समजावं. साहेबांचा बंगला सरांनी कधी पाहिला नव्हता. त्याला मागचं दार होतं की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सभा संध्याकाळी देवळापुढं झाली. सर मागं, पिंपळाच्या पाराआड उभे होते. धनेशनं वाचून दाखवलं तरी वाक्य उभं राहिलं. पहिल्या चरणाला शांतता, दुसऱ्याला थोडी खसखस, आणि तिसऱ्याला जो हशा उठला, तो पाराच्या दगडांतून त्यांच्या पायांत आला. काशीराम पुढच्या रांगेतच बसला होता. त्यानं मान वळवून मागं बघितलं, इकडेतिकडे, कुणालातरी शोधत असल्यासारखं. सर पाराआड आणखी सरकले. तेव्हा त्यांना एक गोष्ट कळली होती. फादरांना सांगता आली असती तर बरं झालं असतं. मराठीत ‘नाही’ शेवटी येतो. आरोप सगळा ऐकून होतो, लोकांच्या मनात घर करतो, आणि मग मागून ‘नाही’ लंगडत येतो, तेव्हा त्याला दारात कुणी घेत नाही. निवडणूक धनेशनं जिंकली. निकालाच्या दिवशी काशीरामनं देवळाच्या पायरीवर आपल्या चपला काढून ठेवल्या आणि म्हणाला, कुणाच्या होत्या ते कुणीतरी सांगू दे, मग घालीन. लोकांना वाटलं चार दिवसांचा हट्ट आहे. पोरं त्याच्या मागं ‘चपला, चपला’ करू लागली. प्लॉटच्या बोलणीच्या कमिटीतून त्याला काढलं. जत्रेत पालखीला पहिला खांदा त्याच्या घरचा असायचा. त्या वर्षी कुणी बोलवायलाच आलं नाही. ठरवून काढला असंही नाही, नुसते विसरले. हे सगळं सरांना धनेशकडूनच कळलं, तो पेढे घेऊन आला तेव्हा. त्यानंतर पत्र आलं.

त्यात रागाचा एक शब्द नव्हता. रागाचा असता तर सरांनी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. ‘सर, धनेशला तीनात बोलता येत नाही. पनवेल तालुक्यात तीनात बोलणारा माणूस एकच आहे. माझा राग नाही. तुमच्या कानावर काही आलं असेल म्हणूनच तुम्ही लिहिलं असणार, तुम्ही उगाच लिहिणार नाही. काय आलं ते मला कळवा. माझं नाव कुणी घेतलं असेल तर मी त्याला सामोरा जाईन. काहीच आलं नसेल तर तसं एक ओळ लिहा, मी गावकीत वाचून दाखवीन, खालचं नाव झाकून. भाषण कुणी लिहिलं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार नाही.’ सरांना ते शेवटचे दोन शब्द सगळ्यांत जास्त लागले. ‘विचारणार नाही’ आणि ‘सांगणार नाही’, व्याकरण एकच. फक्त एकात ‘नाही’चा अर्थ नाही असा होता.

आणि उत्तर त्यांनी लिहिलं नव्हतं असं तरी कुठं? खूप वेळा लिहिलं होतं. प्रत्येक वेळी ते चांगलं व्हायचं. ‘प्रिय काशीराम, कोणत्या तोंडानं लिहू, कोणत्या शब्दांत लिहू, कोणत्या…’ आणि तिथं ते दचकून थांबायचे, कारण तिसरा आला होता. कागद फाडायचा, नवा घ्यायचा. एका मसुद्यात त्यांनी लिहिलं, ‘माझा तुझ्यावर कोणताही आक्षेप नव्हता’, आणि मग तासभर त्या ‘आक्षेप’ शब्दापाशीच अडकले. कारण संस्कृत साहित्यशास्त्रात आक्षेप नावाचा अलंकार आहे आणि तो नेमका हाच, बोलायचं ते अडवून धरून बोलणं. आणि आपल्या रोजच्या मराठीत आक्षेप म्हणजे ठपका. म्हणजे अलंकार आणि ठपका ह्या भाषेत एकाच शब्दात राहतात. ही गोष्ट इतकी सुंदर होती की त्यांनी ती वेगळ्या कागदावर टिपून ठेवली, आपल्या भाषांतरांच्या प्रस्तावनेत घालता येईल म्हणून. पत्र राहिलं. एका माणसाचे पाय रस्त्यावर उघडे पडले होते आणि हे प्रस्तावना सजवत होते. हे स्वतःला बोचून सांगतानाही आपण वाक्य तोलतोय का, असा त्यांना संशय यायचा. पश्चात्तापालासुद्धा त्यांच्या हातात घाट येत होता. खरा पश्चात्ताप बहुतेक ओबडधोबड असावा.

संध्याकाळी धनेश आला. येणारच होता. तो आता सरपंच नव्हता, त्याच्याही पलीकडे गेला होता. त्याच्या इमारती कळंबोलीपर्यंत उभ्या होत्या. पांढरी गाडी सोसायटीच्या फाटकात आडवी लावून तो हातात छापखान्यातून आलेली फर्म्यांची, छापील पानांची, चळत घेऊन आत शिरला आणि नेहमीप्रमाणे सरांच्या पायाला हात लावला. सरांच्या रोमन भाषणांचं पुस्तक तो काढणार होता. कुणी मागितलं नव्हतं. आपणहून म्हणाला होता, सर, तुमचं माझ्यावर ऋण हाय. “हॉल बुक केला सर! मोठा हॉल, एसी. मंत्री आणतो एखादा. तुमी फक्त शाल घ्यायला उभं र्‍हायचं.” सरांच्या हातात पहिलं पान आलं. चाळीस वर्षं हातानं लिहिलेलं वाक्य शिशाच्या टायपात कसं दिसतं, ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते इतकं शांत, इतकं परक्यासारखं दिसत होतं, की जणू दुसऱ्या कुणा शहाण्या माणसानं लिहिलं असावं. त्यांनी पान खाली ठेवलं. “आणि सर, सुरुवातीला एक पान माझं. ‘प्रकाशकाचे दोन शब्द’. तेवढे लिवा तुमीच.” धनेश हसला. “तीनात लिवा.”

“धनेश,” सर म्हणाले, “आज बाजारात काशीरामची बायको भेटली.” धनेशचं हसणं गेलं नाही, फक्त थांबलं. “बरं मग?” “त्याचा पाय जायची वेळ आली आहे. चप्पल घालत नाही.” “येडा हाय तो. मी सोता गेलो होतो सर, नवी जोडी घेऊन. पाठवलं परत.” “आपण त्याला सांगायला हवं. ते… ते मी रचलं होतं. तिसरं वाक्य.” धनेशनं खुर्ची पुढं ओढली आणि लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला, “सर, तुमी काय रचलं? तुमी कुटं बोललात त्याच्या चपला होत्या? मी बी नाय बोललो. आपण काय बोललो, इचारणार नाय बोललो. नाय इचारलं. आजपर्यंत इचारलंय का कोणी? मग ह्यात आरोप कुटंय?” तो बरोबर होता. त्या अलंकाराचं हेच तर सामर्थ्य, सरांनी स्वतःच तसं टिपणात लिहिलं होतं: वक्ता जबाबदारीतून मोकळा राहतो. आपलं टिपण आता धनेशच्या तोंडून ऐकताना त्यांना त्यातली एकही चूक सापडेना. “आणि असं बघा,” दारात चपला घालता घालता धनेश म्हणाला, “तुमी काय लिवलंत, त्यानं गावकीत वाचलं, तर मला पयला लोक इचारणार. मग हॉल, पुस्तक, मंत्री… मी काय बोलत नाय सर. तुमी समजदार.” बोलत नाय, म्हणाला. त्याला तेवढं मात्र आलं होतं.

गाडी गेल्यावर शशिकलाबाई बाहेर आल्या. हात पिठाचे होते. त्यांनी फर्म्यांची चळत मनगटानं बाजूला सारली, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “कुणाच्या होत्या हो चपला?” सरांनी मान वर केली नाही. “तुला माहीत आहे ते?” “अख्ख्या पनवेलला माहीत आहे. आमच्या भजनी मंडळात शोभा म्हणते ते, कुणी पेटीला हात लावला की. ते तुम्ही लिहिलंत हे आत्ता कळलं.” “कुणाच्याच नव्हत्या.” “म्हणजे?” “कुणाच्याच. दोन झाली होती, तिसरं हवं होतं.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. चिडल्या नव्हत्या, आपल्याच घरातली एखादी खोली आज पहिल्यांदा उघडावी तसं काहीतरी. “मग हे त्याला कळवायला एवढी वर्षं?” “लिहायला बसलो की चांगलं होतं ते.” “काय?” “पत्र. फार चांगलं होतं, शशी.” “मग वाईट लिहा,” त्या म्हणाल्या, आणि कणीक मळायला आत गेल्या.

सर टेबलाशी बसले. अंतर्देशीय होतं, पाकिटंही होती. त्यांनी खणातून एक पोस्टकार्ड काढलं. पाकीट काशीरामच्या हातात बंद पडलं असतं आणि त्यानं ते नाव झाकूनच वाचलं असतं, तो तसाच माणूस होता. कार्ड मात्र पोस्टातला बाबू वाचतो, पोस्टमन वाचतो, गावात शिरलं की दुकानावर थांबतं आणि घरी पोचायच्या आधी आळीला पाठ झालेलं असतं. दोन दिवसांत धनेशलाही कळेल. त्यांची नजर फर्म्यांच्या चळतीकडे गेली. वरच्याच पानावर एका रोमन माणसानं सभेला हाक मारली होती, आणि ती हाक मराठीत किती खणखणीत उतरली होती! हे सगळं आता रद्दीत जाईल. छापखान्यात खिळे सुटे होऊन पुन्हा दुसऱ्या कुणाच्या लग्नपत्रिकेत तीच अक्षरं लागतील. त्यांना रडू येईल असं वाटलं आणि ते काशीरामसाठी नव्हतं, पुस्तकासाठी होतं. हेही त्यांनी पाहून घेतलं. त्यांनी लिहिलं, ‘चपला कुणाच्याच नव्हत्या’, आणि पाहिलं तर ‘नव्हत्या’ पुन्हा शेवटी जाऊन बसलं होतं. वाचणारा पोस्टमन चपलांपाशीच हसेल. त्यांनी ते कार्ड फाडलं. दुसऱ्यावर पहिलाच शब्द ‘खोटं’ लिहिला आणि मग पुढं गेले. ‘खोटं होतं ते. चपलांचं वाक्य मी लिहिलं होतं, धनेशनं फक्त वाचलं. मी काही ऐकलं नव्हतं. काही पाहिलं नव्हतं.’ पेन थांबलं. कान वाट पाहू लागला, इतक्या वर्षांच्या सवयीनं, एखादं जनावर ठरल्या वेळी गव्हाणीशी उभं राहावं तसा. तिसरं वाक्य आलंही होतं, चांगलं होतं, लांब होतं, त्यात क्षमा हा शब्द होता. सरांनी ते येऊ दिलं आणि जाऊ दिलं. कागदावर तिथं वाक्य अर्धवट तुटल्यासारखं दिसत होतं, शाळेच्या पोरानं लिहिल्यासारखं. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘नाव झाकू नकोस. चप्पल घाल. उत्तर फार उशिरा देतोय.’ आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पत्ता.

पोस्टाची पेटी कॉलनीच्या बाजाराशी होती. सर चालत गेले. वाटेत दोघांनी नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही. कार्ड खिशात वाकू नये म्हणून त्यांनी ते हातातच, लिहिलेली बाजू बाहेर करून धरलं होतं. पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात आत गेला आणि तिथंच राहिला. कार्डाचं एक टोक अजून त्यांच्या दोन बोटांत होतं. उशीर झाला असेल, असं त्यांच्या मनात आलं. पाय राहणारही नाही कदाचित. गावकी ऐकेल आणि हसेल, लोकांना म्हण झालेली गोष्ट परत देता येत नाही. किंवा काशीराम हे वाचेल आणि चप्पल न घालता नुसता बसून राहील. सर उगाच लिहिणार नाहीत, असा त्यानं इतकी वर्षं विश्वास ठेवला होता. ह्या कार्डानं त्याचा तोही विश्वास जाणार होता. हे सरांना आत्ता, पेटीत हात घातल्यावर सुचलं. मागं एक तरुण मनुष्य पाकिटांचा जुडगा घेऊन उभा होता. तो थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, “काका, टाकताय ना? का काही राहिलं लिहायचं?”

“नाही,” सर म्हणाले, आणि बोटं सोडली.